पिकअपचा हौदा गंजू नये म्हणून: कोकणात गाडी चालवणाऱ्यांसाठी

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ताडपत्रीचा दोर सोडला, आणि आतून जो कुबट वास आला त्यावरूनच कळलं की हौद्यात, म्हणजे माल भरायच्या मागच्या भागात, काहीतरी बिघडलंय. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे मासळी वाहणाऱ्या माझ्या गाडीला भाडं नव्हतं. मे अखेरीस हौदा धुतला होता, रबरी मॅट होती तिथेच ठेवली होती आणि वरून ताडपत्री घट्ट आवळून गाडी शेडखाली लावली होती. दोन महिने तिला पावसाचा थेंब लागला नव्हता. तरी मॅटचं टोक धरून वर ओढलं तेव्हा पत्र्याचे तांबूस पापुद्रे मॅटच्या पाठीला चिकटून वर आले. पुढच्या डाव्या कोपऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तर तो जोर न लावता आरपार गेला आणि खाली अंगणातली फरशी दिसली.

त्या हौद्यात मी दोन वर्षं चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा दगडही वाहिला होता. चिऱ्याने पोचे पाडले, रंग खरवडला, पण भोक पाडलं नाही. भोक पाडलं ते मॅटखाली अडकलेल्या खारट ओलीने. हौद्यावर काय अंथरायचं, कुठला लेप मारायचा हे प्रश्न नंतरचे. आधी पाणी कुठे अडकतं ते शोधायचं आणि त्याला वाट करून द्यायची. खाली लिहिलेलं सगळं त्याच क्रमाने आहे आणि हा क्रम बदलू नये असं मी मनापासून सांगेन.

आधी हौदा वाचायला शिका

गाडी रिकामी करा, मॅट, फळ्या, जुना प्लाय सगळं बाहेर काढा. दोन बादल्या पाणी केबिनच्या मागच्या भिंतीजवळ ओता आणि नुसतं बघत उभे राहा. पाणी कुठे थांबतं, कुठून गळतं, कुठल्या सांध्यात शिरून नाहीसं होतं, हे पाच मिनिटांत कळतं. जिथे शिरतं आणि परत दिसत नाही, ती जागा सगळ्यात वाईट.

सपाट जमिनीवर बहुतेक गाड्यांत पाणी पुढच्या दोन कोपऱ्यांत साचतं. त्यानंतर बघा तळाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथे जुळतात तो सांधा, फाळक्याच्या (मागच्या उघडणाऱ्या झडपेच्या) बिजागऱ्यांमागची जागा, आणि खुद्द फाळक्याची खालची घडी. फाळका वरून धडधाकट दिसतो, पण त्याच्या घडीत वाळू, खवले, चिऱ्याचा भुगा जाऊन बसतो आणि तिथे महिनोन् महिने ओल राहते.

मग गाडीखाली जा. हौद्याखालच्या आडव्या चॅनेलमध्ये मागच्या चाकांनी उडवलेला लाल चिखल गच्च भरलेला असतो. तो हाताने काढून बघा. भर एप्रिलमध्येसुद्धा आतला थर ओलसर लागतो.

पत्रा शाबूत आहे की नाही हे लहान हातोडीने ठोकून ऐका. चांगला पत्रा खणखणतो, आतून खाल्लेला बद्द वाजतो. बद्द वाजला तिथे खडूने गोल करा. काम याच गोलांपासून सुरू होणार आहे.

कोणत्या दिवसांत

कोकणात हे काम जानेवारी-फेब्रुवारीत उरकावं. हवेतला दमटपणा तेव्हा त्यातल्या त्यात कमी असतो आणि आंब्याचा हंगाम अजून चढलेला नसतो. मासेमारी बंदीच्या काळात गाडी रिकामी असते म्हणून बरेच जण तेव्हाच रंगकाम काढतात. तसं करू नका. पावसाळी हवेत उघड्या पत्र्यावर दुपारपर्यंत पिवळसर झाक येते आणि तिच्यावर मारलेला प्रायमर वर्षभरात सुटतो.

दिवसातली वेळही महत्त्वाची. सकाळी पत्र्यावर दव असतं, डोळ्यांना दिसलं नाही तरी असतं. मला ज्या पेंटरने हे काम शिकवलं ते म्हणायचे, "दादा, पत्रा तळहाताला कोमट लागू दे, मग डबा उघड." दहा-साडेदहा ते चार ही वेळ धरून चाला.

मीठ काढल्याशिवाय गंज निघत नाही

मासळी वाहणाऱ्या गाडीसाठी हा भाग सगळ्यात मोलाचा आहे. सरळ ग्राइंडर लावला तर गंजाच्या बारीक खड्ड्यांत बसलेलं मीठ आणखी आत दाबलं जातं. म्हणून पहिली धुलाई घासण्याच्या आधी, साबण घालून, गोड्या पाण्याने. मग ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावून पापुद्रे उडवायचे आणि लगेच दुसरी धुलाई. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण कप ब्रशची तार सुटून सुईसारखी येते.

दुसऱ्या धुलाईनंतर एक रात्र पत्रा तसाच ओलसर सोडा. सकाळी जिथे काळपट-लाल ठिपके उमटलेले दिसतील, तिथे अजून मीठ आहे. त्या ठिपक्यांवर पुन्हा ब्रश, पुन्हा पाणी. माझ्या हौद्यात हे तीनदा करावं लागलं. तिसऱ्या सकाळी पत्र्यावर सगळीकडे एकसारखी फिकट झाक होती, ठिपके नव्हते, तेव्हा कुठे पुढचं काम हातात घेतलं.

त्यानंतर ८० नंबरचा पॉलिश पेपर सगळ्या तळावर फिरवा. रंग चांगला आहे तिथेही, नाहीतर नवा थर धरणार नाही. खड्ड्यांत जो घट्ट गंज उरतो त्यावर गंजरोधक द्रावण लावा. ते गंजाशी संयोग पावून त्याचा काळा, घट्ट थर बनवतं. पण ते मोकळ्या पापुद्र्यांवर चालत नाही आणि खाल्लेला पत्रा परत आणत नाही.

भोकं असतील तर त्यांच्यावर लांबी (पुट्टी) भरून वेळ मारून नेऊ नका. एक पावसाळा निघेल, दुसरा नाही. सडका पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढायचा आणि त्याच जाडीचा तुकडा वेल्ड करायचा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळच लावा, म्हणजे करंट गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समधून फिरणार नाही. डिझेलची टाकी, ब्रेकचे पाइप आणि मागच्या दिव्यांची वायरिंग कुठून गेली आहे ते आधी खालून बघून घ्या. तिथे जुना डांबरी लेप असेल तर तो खरवडा, कारण तो पेटतो.

निचऱ्याची भोकं

तुमच्या हौद्याला पुढच्या कोपऱ्यांत निचरा नसेल तर तो याच टप्प्यावर करून घ्या. १२ मिलिमीटरचं एकेक भोक पुरतं. जागा ठरवताना खाली चॅनेल, वायर, टाकी, ब्रेकचा पाइप यांतलं काही येत नाही ना, हे दोनदा तपासा. भोकाची धार कानसीने मारा, कडेला प्रायमर भरपूर लावा आणि त्यात रबरी नळीचा तीन-चार इंचांचा तुकडा घट्ट बसवा. नळीचं वरचं तोंड पत्र्याच्या पातळीवर राहिलं पाहिजे, नाहीतर पाणी तिच्याभोवती थांबेल. नळीमुळे पाणी चेसिसवर न सांडता सरळ रस्त्यावर पडतं.

प्रायमर, सांधे आणि लेप

उघड्या पत्र्यावर थिनरचं फडकं मारून त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे. रेड ऑक्साइड स्वस्त आहे आणि सगळीकडे मिळतो, पण समुद्राच्या हवेत चालणाऱ्या गाडीला मी दोन भागांचा एपॉक्सी प्रायमरच सुचवेन. रेड ऑक्साइड वर रंग न चढवता तसाच सोडला तर ओल शोषतो, आणि आपल्याकडे बऱ्याच हौद्यांत तो वर्षानुवर्षे तसाच उघडा असतो.

प्रायमर वाळला की सगळ्या सांध्यांत पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. बोट साबणाच्या पाण्यात बुडवून ते सांध्यात दाबत न्यायचं, म्हणजे कड उरत नाही. निचऱ्याची भोकं बुजणार नाहीत एवढं बघा.

त्यावर दोन पर्याय. फक्त क्रेट, आंब्याच्या पेट्या, किराणा असा हलका माल असेल तर चांगल्या पीयू रंगाचे दोन हात पुरेत. चिरा, वाळू, लोखंड, सिलिंडर वाहत असाल तर बेडलायनरचा खरखरीत लेप घ्या. हा बहुधा दोन भागांचा पॉलियुरेथेन लेप असतो. तीन भाग लेपाला एक भाग हार्डनर असं मिश्रण असतं, तरी डब्यावर लिहिलेलं प्रमाणच अखेरचं. तो रोलरनेही लागतो. पहिला थर पातळ, दुसरा जाड आणि आडव्या दिशेने. एकाच वेळी सगळा डबा कालवू नका, उन्हात तो हातातच घट्ट व्हायला लागतो. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासातून फुफ्फुसांना अपाय करणारं रसायन असतं. साध्या कापडी मास्कने ते अडत नाही. फवारणी करणार असाल तर कार्ट्रिजचा मास्क घाला आणि काम उघड्यावर करा. दमेकऱ्याने या कामाच्या जवळपासही थांबू नये.

लेप हाताला दुसऱ्या दिवशी कोरडा लागतो, पण पूर्ण मुरायला आठवडाभर द्या. माझ्या ओळखीतल्या एकाने तिसऱ्याच दिवशी चिरा भरला आणि सगळीकडे दगडाच्या कडा उमटल्या. आता त्या खाचांत पाणी थांबतं.

अॅल्युमिनियमचा चेकर पत्रा बसवून घ्यायचा मोह अनेकांना होतो. दिसतो छान. पण लोखंडी पत्र्यावर अॅल्युमिनियम आणि मध्ये खारं पाणी अशी जोडी जमली की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया सुरू होऊन आधी अॅल्युमिनियम खाल्लं जातं, आणि खाली अडकलेल्या खाऱ्या ओलीने लोखंडही गंजतं. खालचा पत्रा दिसतही नाही, त्यामुळे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. मासळीच्या गाडीत तो नकोच.

मॅट: कुठली, किती वजनाची, कशी कापायची

नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद हौदा धरला तर तळ साधारण ५० चौरस फुटांचा, म्हणजे ४.६ चौरस मीटर होतो. त्यावर ३ मिलिमीटरचा लोखंडी चेकर पत्रा टाकला तर ११५ किलोच्या पुढे वजन जातं. १० मिलिमीटरचा कन्व्हेयर पट्टा ५५ किलोच्या आसपास, १२ मिलिमीटरचा प्लाय ४० किलोच्या आसपास. हे वजन प्रत्येक फेरीत गाडीबरोबर फिरतं आणि पासिंगच्या (आरटीओने मंजूर केलेल्या) वजनातून तेवढा माल कमी होतो. ओव्हरलोडचा दंड मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहे, हे लक्षात ठेवून मॅट निवडा.

माझी पसंती जुन्या कन्व्हेयर पट्ट्याला. खडी क्रशरवरून उतरवलेला पट्टा भंगारवाल्याकडे मिळतो. आत कापडाचे थर असलेलाच घ्या. आत पोलादी तारा असलेला पट्टा घरी कापता येत नाही. आणखी एक सोपा पर्याय म्हणजे गोठ्यात म्हशींखाली घालतात ती रबरी मॅट, साडेसहा बाय चार फुटांची. तिच्या खालच्या बाजूला खाचा किंवा गुंडे असतात, त्यामुळे खालून पाणी आणि हवा फिरते. मासळीच्या गाडीला ती उत्तम. मात्र ती जाड आणि वजनदार असते, उचलायला दोन माणसं लागतात.

पट्टा कापायची युक्ती अशी. खडूने रेघ मारा, रेघेखाली लाकडी पट्टी सरकवा, म्हणजे पट्टा तिथे थोडा वाकतो. कटरचं पातं आणि रेघ दोन्ही साबणाच्या पाण्याने ओलं करा आणि एकाच दमात आरपार कापायला जाऊ नका. पहिल्या फेरीत नुसती खाच पडते. दुसऱ्या फेरीत वाकलेल्या भागामुळे खाच आपोआप उघडत जाते आणि पातं अडकत नाही. कोरड्या रबरात पातं रुतून बसतं आणि मग जोर लावताना हात कापतो. कापलेल्या कडेला कापडाचे थर उघडे पडतात आणि ते वातीसारखं पाणी ओढतात. त्यांवर पंक्चरवाल्याकडचं रबर सोल्यूशन दोनदा फिरवा.

माप घेताना चारी बाजूंनी अर्धा-अर्धा इंच कमी ठेवा. भिंतीला घट्ट बसलेली मॅट नीट दिसते, पण पाणी नेमकं त्याच कडेने उतरायचं असतं. निचऱ्याच्या भोकांवर मॅटलाही भोक पाडा, थोडं मोठं. तळाच्या पत्र्याला लांबीने नाल्या असतील तर त्या बुजवू नका, पाणी मागे नेण्याचं काम त्याच करतात. तळ सपाट असेल तर उरलेल्या पट्ट्याच्या दोन इंची पट्ट्या कापून लांबीच्या दिशेने फूटभर अंतराने खाली ठेवा.

मॅट स्क्रूने तळाला ठोकायची नाही. प्रत्येक स्क्रू म्हणजे एक नवं भोक, आणि ठोकलेली मॅट कोणी उचलून बघत नाही. तीच गोष्ट प्लास्टिकच्या आयत्या बेडलायनरची, म्हणजे हौद्यात नुसत्या बसवायच्या तयार साच्याची. तो धक्क्याधक्क्याला हलतो, खाली शिरलेली वाळू पॉलिश पेपरसारखी घासते आणि रंग जातो. तो घेतलाच तर महिन्यातून एकदा काढून खालून धुवा.

प्लाय घालणार असाल तर तो आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय किंवा बांधकामावरचा शटरिंग प्लाय असू द्या. दोन्ही बाजू आणि विशेषतः चारी कडा रंगवून घ्या. साधा प्लाय एका पावसाळ्यात स्पंज होतो, आणि ओला स्पंज पत्र्यावर ठेवल्यावर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

फाळका आणि काठ

फाळक्याच्या साखळ्यांवर बागेच्या जुन्या पाइपचे तुकडे चढवा. साखळी लोंबकळत आपटून जिथे रंग उडतो तिथूनच गंज सुरू होतो. बिजागऱ्या आणि खिट्ट्यांना महिन्यातून एकदा ग्रीस. उघडा फाळका ही उभं राहायची फळी नाही. त्यावर दोन माणसं चढून चिरा उतरवतात तेव्हा बिजागरीची पिन वाकते, मग फाळका नीट बसत नाही आणि रस्त्यावर खडखडत स्वतःलाच खातो. बाजूच्या पत्र्याचा वरचा काठ दोराने कापला जातो. जुन्या टायरच्या ट्यूबची पट्टी दुमडून दोर जिथे वळतो तिथे ठेवली तर काठही वाचतो आणि दोरही.

हौद्याची उंची वाढवणं, बाजूला लांब पाटे लावणं असे बदल करण्याआधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीपेक्षा वेगळे बदल परस्पर करू देत नाही.

खालची बाजू

चॅनेलमधला चिखल काढून, धुऊन, दोन दिवस कडक उन्हात गाडी उभी करून मगच अंडरकोटिंग मारा. ओल्या चिखलावर मारलेला लेप ओल आत कोंडतो. चॅनेलच्या आतल्या पोकळीत मेणासारखा पातळ लेप नळीने फवारलेला चांगला, कारण तो सांध्यात ओढला जातो. सायलेन्सर, ब्रेकचे होज, प्रोपेलर शाफ्ट यांना लेप लागू देऊ नका. जळकं ऑइल खाली मारायची जुनी पद्धत आहे. त्याने रबरी बुश फुगतात, धूळ चिकटून थर बसतो आणि पहिल्याच पावसात ते ऑइल आपल्याच शेतात, विहिरीकडे वाहतं. ते सोडून द्या.

माल तसा बंदोबस्त

हर्णैसारख्या बंदरावरून लिलावाचा माल उचलता तेव्हा बर्फ आणि मासळीचं पाणी घरापर्यंत हौद्यात खेळत येतं. क्रेटखाली जाड प्लास्टिकचा कागद कडांना वर दुमडून टाका आणि त्याचं टोक मागे फाळक्याबाहेर सोडा. गाडी परतली की त्याच रात्री गोड्या पाण्याने धुलाई. बंदरावर समुद्राच्या पाण्याने हौदा खळाळून घेतला की वास जातो, पण मीठ वाढतं.

चिरा भरताना फेकू नका, हातोहात द्या. एकेक दगड तीसेक किलोचा असतो. पहिला थर अंथरायच्या आधी केबिनमागच्या भिंतीला एक जाड फळी उभी करा, ब्रेक लागला की सगळा भार तिथेच येतो. शेणखत आणि रासायनिक खत यांतलं दुसरं जास्त घातक. युरिया, पोटॅश हवेतली ओल ओढून घेतात आणि फाटक्या गोणीतून सांडलेले दाणे कोपऱ्यात विरघळतात. आधी कोरडाच झाडू मारा, मग पाणी. सिमेंट सांडलं तर तेही आधी कोरडं झाडून घ्या, नाहीतर निचऱ्याच्या नळीत त्याचा दगड होतो.

पावसाळ्यात उभी गाडी

बंदीच्या दोन महिन्यांत आता मी असं करतो. मॅट काढून भिंतीला उभी टेकवतो. हौदा उघडा, फाळका खाली सोडलेला, ताडपत्री हौद्याला न आवळता शेडच्या वाशांना ताणलेली, म्हणजे बाजूने वारा वाहतो. अंगणाच्या उतारावर गाडीचं तोंड वर, मागचा भाग खाली, हँडब्रेक ओढून चाकांना दगड. दर रविवारी पुढच्या दोन नळ्यांत तार घालून बघतो, कारण पावसात सुपारीची फुलं आणि पाचोळा येऊन त्या तुंबतात.

चालू हंगामात मॅट पंधरा दिवसांनी उचलतो, पावसात दर आठवड्याला. सीटमागे एका डब्यात ८० नंबरच्या पेपरचा तुकडा, एपॉक्सी प्रायमरच्या दोन्ही भागांच्या लहान बाटल्या, जुना ब्रश आणि कोरडं फडकं असतं. मॅट उचलल्यावर नखाएवढा ओरखडा दिसला तर तो तिथेच घासतो, दोन झाकणं प्रायमर कालवतो, लावतो, आणि तो वाळेपर्यंत मॅट उन्हात पडू देतो.